लष्करी छावणीतील साथीचे आजार: जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहिती

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी आहे. मुलगा भरती झाला की घरच्यांना काळजी वाटते ती सीमेची आणि गोळीची. प्रत्यक्षात पहिल्या काही महिन्यांत घरी फोन येतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणासाठी: "आई, ताप आलाय. बॅरेकमध्ये अजून सात-आठ जणांना आलाय."

अशा वेळी काय समजायचे, मुलाला काय सांगायचे आणि तो सुट्टीवर आल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• छावणीत साथ येते ती जवान अशक्त असतात म्हणून नव्हे, तर अनेक तरुण एकाच छताखाली राहतात, जेवतात आणि झोपतात म्हणून.
• बहुतेक साथी सौम्य असतात. मात्र मेनिन्जायटिस, मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांत उशीर जिवावर बेतू शकतो.
• प्रशिक्षण बुडेल या भीतीने ताप लपवणे ही सर्वांत मोठी चूक आहे.
• सुट्टीवर आलेल्या जवानाला ताप आला, तर तो कुठून आला आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

छावणीत साथ इतक्या वेगाने का पसरते?

प्रशिक्षण केंद्रात एकाच आठवड्यात वेगवेगळ्या तालुक्यांतून, कधी वेगवेगळ्या राज्यांतून शेकडो मुले येतात. प्रत्येकजण आपापल्या भागातले जंतू नाकाघशात घेऊन येतो. बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल होणारा चंदगड-आजऱ्याचा मुलगा असो की दुसऱ्या रेजिमेंटमध्ये जाणारा हिमाचलचा, दोघांच्या शरीराची ओळख वेगवेगळ्या जंतूंशी झालेली असते. बॅरेकमध्ये खाटेला खाट लागली की ही देवाणघेवाण सुरू होते.

त्यात पहाटे उठणे, अपुरी झोप, धावणे, घाम, नवे पाणी, नवे हवामान आणि घरची आठवण. या सगळ्याचा शरीरावर काही काळ ताण पडतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने सर्वांत नाजूक असतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. वाडी-वस्तीवर वाढलेल्या मुलांना लहानपणी कांजिण्या किंवा गालगुंड झालेले नसतात, कारण तिथे तेवढी माणसेच एकत्र येत नाहीत. उष्ण कटिबंधात कांजिण्या मुळातच थोड्या मोठ्या वयात होण्याचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे हा 'लहान मुलांचा' आजार त्यांना विसाव्या वर्षी बॅरेकमध्ये गाठतो, आणि मोठेपणी तो जास्त त्रास देतो.

इतिहास काय सांगतो?

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात वेढ्यात अडकल्या. उपासमारीने खंगलेल्या त्या सैन्याला हगवणीने पोखरले. त्याच मोहिमेचे सरसेनापती जनरल मॉड १८ नोव्हेंबर १९१७ रोजी बगदादमध्ये कॉलऱ्याने गेले. दूषित पाणी आणि अन्न हुद्दा पाहत नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची पहिली मोठी साथ अमेरिकेत मार्चमध्ये कॅन्ससच्या कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत नोंदली गेली. जूनमध्ये ती मुंबईत पोहोचली. युद्धामुळे बंदरात सैन्याची जहाजे सतत येत-जात होती, आणि १० जूनला रुग्णालयात दाखल झालेल्या पहिल्या रुग्णांत पोलीस शिपाई होते. पुढच्या काही महिन्यांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांनी एक हिशेब नोंदवला आहे. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक सैनिकामागे १२० सैनिक आजारपणामुळे मागे पाठवावे लागत होते. त्यांत मलेरिया मुख्य होता. गोळ्या रोज घेतल्या जातात की नाही याची जबाबदारी थेट कमांडिंग ऑफिसरवर टाकल्यावर चित्र बदलले.

अगदी अलीकडचे उदाहरण कोविडचे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील 'आयएनएस आंग्रे' या नौदल तळावर एकाच निवासी इमारतीत राहणाऱ्या वीसएक नौसैनिकांना संसर्ग झाला. त्यांतील बहुतेकांना काहीच लक्षणे नव्हती. त्याच महिन्यात मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून हिंगोलीला परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्येही संसर्ग आढळला.

शंभर वर्षांत औषधे बदलली, पण साथीचा मार्ग तोच राहिला: एकत्र राहणे, एकत्र जेवणे आणि एकत्र प्रवास करणे.

श्वासावाटे पसरणारे आजार

फ्लू आणि इतर विषाणूजन्य ताप. संसर्गानंतर १ ते ४ दिवसांत ताप, अंगदुखी, घसा दुखणे आणि खोकला सुरू होतो. तरुणांत बहुधा आठवड्याभरात उतरतो. ॲडिनोव्हायरस नावाचा विषाणू तर नव्या रंगरुटांच्या बॅरेकसाठी जगभर कुप्रसिद्ध आहे. अमेरिकी सैन्यात त्यासाठी १९७१ पासून खास लस होती. १९९९ मध्ये ती संपल्यावर साथी परत आल्या आणि २०११ मध्ये लस पुन्हा सुरू करावी लागली.

कांजिण्या. संसर्गानंतर १० ते २१ दिवसांनी ताप आणि पाण्याने भरलेले फोड येतात. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. मोठ्या माणसाला धाप लागली किंवा छातीत दुखले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. ॲसिक्लोव्हिर हे औषध पुरळ आल्यापासून पहिल्या २४ तासांत सुरू केले, तर सर्वांत जास्त उपयोग होतो. म्हणजे पहिला फोड दिसताच सांगणे महत्त्वाचे.

गालगुंड. कानाखाली सूज, ताप आणि चावताना वेदना. सूज आल्यानंतर पाच दिवस रुग्णाला वेगळे ठेवतात. भारताच्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, पण त्यात गालगुंडाचा अंश नाही. खासगी दवाखान्यात एमएमआर घेतलेली नसेल, तर मुलगा असुरक्षित असू शकतो. वयात आलेल्या मुलांमध्ये काहींना वृषणाला सूज येते. याबद्दलचा प्रश्न लेखाच्या शेवटी घेतला आहे.

मेनिन्जायटिस. मेनिंगोकोकस नावाचा जिवाणू निरोगी माणसाच्या घशातही राहू शकतो. बॅरेक, वसतिगृह, यात्रा अशा गर्दीत त्याचा प्रसार वाढतो. हा आजार विरळा आहे, पण काही तासांत रुग्ण गंभीर होतो, आणि उपचार मिळूनही १०० पैकी १० ते १५ रुग्ण दगावतात. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, बरळणे, अंगावर दाबूनही न जाणारे लालसर-जांभळे डाग ही त्याची चिन्हे. सावळ्या त्वचेवर डाग पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू पाहावी. रुग्णाच्या अगदी जवळ राहिलेल्यांना प्रतिबंधक प्रतिजैविक देतात.

क्षयरोग. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप असेल तर थुंकीची तपासणी हवीच.

पाणी आणि अन्नातून पसरणारे आजार

लंगरमध्ये शेकडो जणांचा स्वयंपाक एकाच वेळी होतो. पाण्याच्या एका टाकीत किंवा हात न धुतलेल्या एका माणसाकडून दोष आला, तर एका दिवसात पन्नास जणांना जुलाब होऊ शकतात. म्हणूनच लंगरमध्ये काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि पाण्यातील क्लोरिनची चाचणी यांवर सैन्यात इतका भर असतो.

टायफॉइड बहुधा एक ते तीन आठवड्यांनी, हळूहळू चढणाऱ्या तापाने सुरू होतो. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, तर तो उलटतो. काही जण बरे झाल्यावरही विष्ठेतून जंतू टाकत राहतात, त्यामुळे स्वयंपाकात काम करणाऱ्यांची पुन्हा तपासणी लागते.

कावीळ म्हणजे नेमके काय, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. हिपॅटायटिस ई हा विषाणू अशा साथी घडवतो. धडधाकट तरुण त्यातून बहुधा पूर्ण बरा होतो, पण गर्भवती स्त्रीसाठी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार प्राणघातक ठरू शकतो. काविळीनंतर सुट्टीवर आलेल्या जवानाच्या घरी गर्भवती असेल, तर शौचानंतर साबणाने हात धुणे, पाणी उकळून पिणे आणि स्वयंपाकापासून काही काळ दूर राहणे हे काटेकोरपणे पाळावे.

डास, किडे आणि पुराचे पाणी

मलेरिया. ईशान्य भारत, झारखंड, छत्तीसगड, ओडिशा येथील जंगलभागात किंवा आफ्रिकेतील शांतिसेनेत नेमणूक असेल, तर हा धोका खरा आहे. डास चावल्यानंतर साधारण १० ते १५ दिवसांनी ताप येतो. म्हणजे जवान तिथून निघतो ठणठणीत आणि तापतो घरी आल्यावर. फॅल्सिपेरम प्रकारात एक-दोन दिवसांचा उशीरही मेंदू आणि मूत्रपिंडावर परिणाम करू शकतो. व्हायव्हॅक्स प्रकाराचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. ते मारण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. त्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी करणे योग्य, आणि गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नये.

डेंग्यू. ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस खरे धोक्याचे असतात. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही चिन्हे दिसली तर दाखल व्हावे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे.

स्क्रब टायफस. झाडाझुडपांत, गवतात सराव करताना बारीक कीटक चावल्याने होतो. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग उमटतो. तो काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली लपलेला असतो, आणि दुखत नसल्याने जवानाला माहीतही नसतो. वेळेवर डॉक्सिसायक्लिन सुरू केले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

लेप्टोस्पायरोसिस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ, करवीर भागात लष्कर, नौदल आणि एनडीआरएफचे जवान दिवसचे दिवस छातीभर पाण्यात उभे होते. अशा पाण्यात उंदीर आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि पायावरच्या जखमेतून जंतू शरीरात जातात. पुराच्या कामानंतर तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे असे झाले तर डॉक्टरांना पुराचे काम केल्याचे जरूर सांगावे.

त्वचेचे आजार

खरूज आणि गजकर्ण यांना कोणी 'साथ' म्हणत नाही, पण झोप उडवण्यात ते पुढे असतात. टॉवेल, अंथरूण, अंतर्वस्त्रे यांची देवाणघेवाण बंद करावी. खरजेचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने गजकर्ण वाढते आणि चिवट होते.

ताप का लपवला जातो?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. प्रशिक्षणात बरेच दिवस बुडले तर मुलाला मागच्या बॅचमध्ये टाकले जाऊ शकते. सोबतचे पुढे जातील आणि आपण मागे राहू, गावात काय सांगायचे, घरी कर्ज काढून अकादमीची फी भरली आहे, असे विचार त्याच्या डोक्यात असतात. मग तो मित्राकडून गोळी घेऊन ताप दाबतो आणि पहाटे पुन्हा मैदानात उतरतो.

यात तीन धोके आहेत. एक, तापात जोरकस व्यायाम केल्याने उष्माघात होऊ शकतो, आणि काही विषाणूंच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूंना सूज येऊन अचानक मृत्यूही ओढवू शकतो. दोन, मेनिन्जायटिस किंवा मलेरियासारख्या आजारात उपचाराची वेळ निघून जाते. तीन, तो शेजारच्या खाटेवरच्यांना संसर्ग देतो. चार दिवस एमआय रूममध्ये गेल्याने जे नुकसान होते, त्यापेक्षा लपवल्याने होणारे कितीतरी मोठे असते.

फोनवर घरचे काय बोलतात, याला फार वजन असते. "थोडं सहन कर, एवढ्याशा तापाला काय होतंय" असे म्हणू नका. "आज सकाळीच सिक रिपोर्ट कर. बॅच मागे गेली तरी चालेल, आम्हाला तू हवास" एवढे म्हटले तरी मुलाच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. पत्नी, मोठा भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले काका यांपैकी तो ज्याचे ऐकतो, त्याने हे सांगावे.

भरतीपूर्वी कोणत्या लसींचा विचार करावा?

सैन्यात ठरावीक लसी दिल्या जातातच. तरीही भरतीची तयारी सुरू असतानाच फॅमिली डॉक्टरांशी बोलून जुनी लसीकरण नोंद पाहावी.

• एमएमआर: दोन डोस झालेले नसतील, तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.
• कांजिण्या: पूर्वी झालेल्या नसतील, तर चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.
• टायफॉइड: कॉन्जुगेट लस.
• हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात-घटसर्प: राहिलेले डोस पूर्ण करावेत.
• हिपॅटायटिस ए, फ्लू आणि मेनिंगोकोकल लस: डॉक्टरांच्या सल्ल्याने.

लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, आणि दोन डोसांत अंतर असते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दोन-तीन महिने आधी सुरुवात करावी. नोंदीची एक प्रत मुलासोबत द्यावी, एक घरी ठेवावी.

जवान सुट्टीवर आल्यावर

• ताप आला तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा: कुठे नेमणूक होती, तिथून कधी निघाला, जंगलात किंवा पुराच्या पाण्यात काम झाले का, मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का, बॅरेकमध्ये कोणाला काय झाले होते.
• मलेरियाची तपासणी एकदा निगेटिव्ह आली आणि ताप सुरूच राहिला, तर ती १२ ते २४ तासांनी पुन्हा करावी.
• घरात गर्भवती, तान्हे बाळ किंवा केमोथेरपी सुरू असलेली व्यक्ती असेल आणि जवानाच्या बॅरेकमध्ये कांजिण्यांची साथ असेल, तर घरी येण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
• उपचार खासगी असोत वा सरकारी, युनिटला फोनवर कळवावे आणि सर्व कागद जपून ठेवावेत.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

खालीलपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात न्या किंवा १०८ वर फोन करा.

• तापासोबत मान ताठ होणे, बरळणे, झटका किंवा शुद्ध हरपणे
• अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग
• धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे
• सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना, कुठूनही रक्तस्राव
• लघवी कमी होणे किंवा डोळे पिवळे होणे
• जुलाबांमुळे तोंड कोरडे पडणे, हातपाय गार पडणे

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गालगुंडामुळे पुढे मूल होणार नाही का?
वृषणाला सूज आली तरी ती बहुधा एकाच बाजूला असते आणि पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. लग्न ठरवताना मुलाला 'दोष' लावण्याचे काहीही कारण नाही. शंका असेल तर बरे झाल्यानंतर काही महिन्यांनी वीर्यतपासणी करता येते.

साथ आली म्हणजे छावणीत अस्वच्छता आहे असे समजायचे का?
जुलाब-काविळीच्या साथीत पाण्याची आणि स्वयंपाकाची तपासणी व्हायलाच हवी. पण फ्लू, कांजिण्या, गालगुंड अतिशय स्वच्छ बॅरेकमध्येही पसरतात. तिथे उपाय म्हणजे लवकर ओळख, विलगीकरण, खाटांमधील अंतर आणि खेळती हवा.

मुलाला वेगळे ठेवले आहे. ही शिक्षा आहे का?
नाही. विलगीकरण हा उपचाराचा भाग आहे. त्या दिवसांत त्याला फोन करत राहा. एकटेपणाने मुले जास्त खचतात.

घरून काढा किंवा गोळ्या पाठवाव्यात का?
नको. विशेषतः प्रतिजैविके पाठवू नका. अर्धवट औषधाने आजार झाकला जातो आणि निदान अवघड होते.

मुलगा निघण्याच्या दिवशी आई बॅगेत लाडू, चटणी, लोणचे भरते. त्याच बॅगेत लसीकरणाची नोंद, स्वतःचे दोन टॉवेल आणि साबण ठेवा. आणि एसटी सुटण्यापूर्वी एक वाक्य जरूर सांगा: ताप आला तर पहिल्याच दिवशी सांगायचा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा किंवा युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.